खान्देशातल्या लग्नाला निघालेल्या परदेशी पाहुण्यास

पत्रिकेत गोरज मुहूर्त ६ वाजून ३७ मिनिटांचा छापलाय, म्हणून साडेसहाला नक्की पोहोचा. मांडवात तुम्ही आणि खुर्च्या मोजणारा पोरगा, दोघंच असाल. नवरदेव मारुतीला नारळ फोडायला गेलेला असतो. मारुती ते मांडव अंतर दोनशे पावलांचं, पण डीजेची गाडी पुढे असल्यावर त्याला दोन तास लागायचेच.

मे महिना आहे, जळगावचा पारा ४४ च्या पुढे आहे, तेव्हा भरजरी शेरवानी अवश्य घाला. यजमान सुती शर्टात फिरतील. त्यांना कुठे आपली संस्कृती कळते!

तुम्ही म्हणे विधी बघायला आलात. बघा की. अंतरपाट धरला जाईल, भटजी घसा साफ करतील, आणि तेवढ्यात माजी आमदार येतील. माईक भटजींकडून निवेदकाकडे जाईल. मग आजी सभापती, भावी सरपंच, दूध संघाचे कुणीतरी. नवरी अंतरपाटामागे घामाघूम उभी; तिचं काय, तिला रात्रभर वेळ आहे. या यादीत तुमचंही नाव घुसेल, 'जर्मनीहून खास उपस्थित' असं. तुम्ही पोर्तुगालचे असलात तरी हरकत घेऊ नका. टॉवेल-टोपी निमूट स्वीकारा, आणि फोटो निघेपर्यंत टोपी काढू नका.

'शुभमंगल सावधान' झालं की अक्षता वधूवरांवर टाकायच्या, असं पुस्तकात असतं. इथे त्या पुढच्या रांगेतल्या काकांच्या कॉलरमध्ये टाकतात.

हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ७ तुम्ही वाचून आला असालच: सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावरच लग्न पूर्ण. ते सातवं पाऊल पाहायचा हट्ट असेल तर खुशाल थांबा. साक्षीला भटजी, फोटोग्राफर आणि नवरीची रडून थकलेली आई असेल. बाकीचा गाव केव्हाच पंगतीला बसलाय.

पंगतीत चमचा मागा, म्हणजे शेजारचे दहा जण जेवण थांबवून तुमच्याकडे बघतील. बट्टी हातानं कुस्करायची, वर वरण, वर तूप, बाजूला वांग्याची भाजी. भाजी तिखट आहे का, हे विचारू नका. लोक 'नाही' म्हणतात आणि ते प्रामाणिक असतात. पोट भरलं म्हणून पत्रावळीवर हात आडवा धरलात तर वाढपी हातावरच वाढेल. 'आखो एक ल्या ना, भाऊ!' म्हणणारा माणूस घरातला असेलच असं नाही. तोही पाहुणाच असतो, पण आग्रहाला अधिकार लागत नाही.

जेवताना गाव, पगार, घर स्वतःचं की भाड्याचं, याची चौकशी होईल. तुमच्याकडे हे खासगी समजतात म्हणे. सांगून टाका, नाहीतर ते आपसात ठरवतील आणि पगार कमी धरतील. फक्त लग्न झालं नसेल तर तेवढं हात धुऊन झाल्यावर सांगा. आधी सांगितलंत तर तिसरी बट्टी संपायच्या आत समोर तीन बायोडाटा येतील, आणि त्यातल्या एका मुलीचे मामा तुमच्या शेजारीच जेवत असतील.