ईयोब गप्प कुठे बसला?

बायबलमधल्या ईयोबावर, म्हणजे संपत्ती, मुलं, आरोग्य सगळं गमावलेल्या भल्या माणसावर, तुमच्याकडे आलेल्या लेखातलं ‘ईयोबाने सगळं निमूट सोसलं, संकटात आपणही तसंच राहावं’ हे वाक्य पटलं नाही. त्याच्या नावाच्या पुस्तकात निमूटपणा पहिल्या दोन अध्यायांपुरता. तिसऱ्यात तो स्वतःच्या जन्मदिवसालाच शाप देतो, पुढे थेट देवाला जाब विचारतो. 42 अध्यायांच्या पुस्तकात बहुतेक वादावादीच आहे! आणि शेवटी देव रागावतो कोणावर? ‘तुझंच काहीतरी पाप असेल’ म्हणणाऱ्या ईयोबाच्या मित्रांवर, अलीफज आणि त्याच्या दोन सोबत्यांवर. ईयोब माझ्याविषयी बरोबर बोलला, तुम्ही नाही, असं त्यांना सुनावतो. लेखात हा भाग गाळलाच आहे.

2021 च्या एप्रिलमध्ये नागपुरात ऑक्सिजनसाठी धावाधाव चालली होती, तेव्हा मेकोसाबागेतल्या आमच्या एका काकूंचा तरणा मुलगा गेला. फोन करणारा जो तो ‘देवाची इच्छा’ म्हणायचा. शेवटी काकूंनी फोन बंद करून पिठाच्या डब्यामागे ठेवून दिला. त्या वाचायच्या फक्त बायबलमधलं 88वं स्तोत्र. दुःखाची बाकीची बहुतेक स्तोत्रं शेवटी सावरतात, हे मात्र अंधारातच संपतं. ‘निदान हा खोटं तरी बोलत नाही,’ म्हणायच्या. चर्चच्या पाळकसाहेबांनाही त्यावर काही सुचलं नाही, ते चहा घेऊन तासभर नुसते बसून राहिले. ईयोबाचे मित्रही आधी सात दिवस तसेच गप्प बसले होते, तेवढं त्यांचं बरोबर होतं. पुढच्या लेखात लेखकांनी हे स्तोत्र जरूर घ्यावं.