सिस्टीम दाखवतंय ना, मग दाबा बटण!

परवा आत्याला घेऊन हयातीच्या दाखल्याच्या भानगडीसाठी गेलो होतो. आत्या काउंटरसमोर धडधडीत उभी, आणि साहेब स्क्रीनकडे बघून सांगतायत, "सिस्टीममध्ये मयत दाखवतंय." अशी माणसं इथे नुसती वाया चालल्येत. यांना अणुबॉम्बच्या कंट्रोल रूममध्ये बसवा. तुम्हालाही तिथे चिकटायचं असेल तर हे सल्ले लिहून घ्या.

स्क्रीनवर दिसलं की खरं. विषय संपला.

डोकं अजिबात चालवायचं नाही. सोव्हिएत लष्करातल्या स्तानिस्लाव पेत्रोव नावाच्या अधिकाऱ्याने चालवलं, बघा काय झालं. 26 सप्टेंबर 1983, मॉस्कोजवळचं सेरपुखोव-15, म्हणजे शत्रूच्या क्षेपणास्त्रांवर नजर ठेवायचं केंद्र, रात्रपाळी. सायरन बोंबलतोय, अमेरिकेचं एक क्षेपणास्त्र सुटलंय, मग आणखी चार. त्याच महिन्याच्या 1 तारखेला सोव्हिएत विमानाने दक्षिण कोरियाचं प्रवासी विमान पाडून 269 माणसं मारलेली, त्यामुळे वातावरण आधीच तापलेलं. आणि हा गृहस्थ विचार काय करतोय, तर हल्लाच करायचा तर अमेरिका पाचच कशाला सोडेल, शेकड्याने सोडेल की, शिवाय जमिनीवरच्या रडारला काहीच दिसत नाहीये आणि ही उपग्रहाची यंत्रणा तर नवीकोरी, तिचा काय भरवसा! दिलं कळवून वर, खोटा अलार्म आहे म्हणून. निघालं काय, तर उंचावरच्या ढगांवर चमकलेलं ऊन! उन्हापायी जग जायचं होतं, याने घालवली संधी.

खात्री करायला इकडेतिकडे विचारू नका. 9 नोव्हेंबर 1979 ला अमेरिकेत सरावाची टेप खऱ्या यंत्रणेत घुसली, स्क्रीनवर क्षेपणास्त्रांचा पाऊस, विमानंसुद्धा उडाली. मग कुणीतरी रडारवाल्यांना विचारलं आणि सगळा मूड गेला.

घाबरवायचं झटक्यात, सॉरी म्हणायचं चहा पिऊन. अमेरिकेचं हवाई राज्य, 13 जानेवारी 2018, सगळ्यांच्या मोबाइलवर क्षेपणास्त्र येतंय, हा सराव नाही. चुकून गेलं होतं, हे मोबाइलवर कळवायला 38 मिनिटं. लोक पोरांना पोटाशी धरून बसले होते तोवर.

आणि लॉगबुक भरा हो, बाकी काही नाही केलं तरी चालेल! पेत्रोवला वरिष्ठांनी कशावरून झापलं माहितीये? लॉगबुक का भरलं नाही! एका हातात फोन, दुसऱ्या हातात इंटरकॉम, लिहायचं कशाने, पायाने?

अरे, मशीन चुकतं म्हणून तर तिथे माणूस बसवलाय ना पगार देऊन! त्या पेत्रोवकडे मोजून काही मिनिटं होती तरी त्याने विचार केला, तुमच्याकडे अख्खा दिवस असतो, पंखा असतो, जेवणाची सुट्टी असते, आणि मान वर करून बघवत नाही? अंगाशी येईल म्हणून स्क्रीनमागे लपता आणि वर आम्हालाच फॉर्म भरायला लावता. खड्ड्यात गेली तुमची सिस्टीम.