शनिवारवाड्यात फक्त भूतच राहत होतं का?

एकदा, निदान एकदा तरी शनिवारवाड्यात कोणी "काका मला वाचवा" सोडून दुसरं काही सांगेल का?

काल नागपूरहून आलेल्या भाच्याला पुणं दाखवायला निघालो. दिल्ली दरवाजापाशी एक गाईड चिकटला. पैसे आधीच ठरवून घेतले आणि आत शिरल्या शिरल्या सुरू: अमावस्या, किंकाळ्या, नारायणराव. पोरगं हजारी कारंज्यापाशी थांबलं आणि म्हणालं, "मामा, तेव्हा मोटार नव्हती ना? मग पाणी उडायचं कसं?" इतका सुंदर प्रश्न! आणि हा माणूस काय म्हणतो? "ते सोड रे बाळा, इकडे ये, इथं मारलं त्यांना."

ते सोड? नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधला, जमिनीखालून दगडी नळ घातला, आणि निव्वळ उतारावर पाणी पार शहरातल्या हौदांपर्यंत, वाड्यापर्यंत आणलं. अठराव्या शतकात! हे सोडायचं आणि किंकाळ्या ऐकायच्या? मी पोराला सांगायला लागलो तर माझ्यावरच खेकसला, "मग तुम्हीच करा की गाईडगिरी!" पैसे मात्र पुरते मोजून घेतले.

बरं, खुनाचीच गोष्ट सांगायची तर निदान पुरी सांगा. ३० ऑगस्ट १७७३ ला खून झाला, इथवर ठीक. पुढे रामशास्त्री प्रभुण्यांनी गादीवर बसलेल्या राघोबाला तोंडावर दोषी ठरवलं, ते कोण सांगणार? लहान मुलाला सांगण्यासारखं तेवढंच तर आहे त्यात! १८२८ ची आग? ती म्हणे शापानं लागली. लाकडाचे मजले जळून गेले, दगडी जोती उरली, ती कुठे काय होतं हे दाखवायला काय हरकत होती? रात्री ताईनं फोनवर विचारलं, काय काय बघितलंस? पोरगं म्हणालं, "भूत नाही दिसलं." डोक्यात तिडीक गेली माझ्या.

लाल महालातही तेच. एक कुटुंब "हीच ती खिडकी, इथंच शाहिस्तेखानाची बोटं तुटली" म्हणत आळीपाळीनं फोटो काढत होतं. अहो, ही इमारत महापालिकेनं १९८० च्या दशकात बांधलीय! मूळ वाडा कधीच गेला.

तिथून केळकर संग्रहालयात जायचं होतं. कोथरूडहून हलवलेला मस्तानी महाल तिथे पुन्हा उभा केलाय, तो दाखवायचा होता पोराला. एक रिक्षावाला येईल तर शपथ. "जवळचं भाडं नाही." दुसरा मोबाईलमधून मान वर करायलाही तयार नाही. तिसऱ्यानं मीटरच्या दुप्पट सांगितले, वर तोंड करून! शेवटी त्या गर्दीतून, फुटपाथवर लावलेल्या गाड्यांच्या मधून पोराचा हात धरून चालत गेलो.

आणि ते दगडावर बदाम कोरणारे! दिल्ली दरवाजाच्या आतल्या भिंती जाऊन बघा. संरक्षित वास्तूची नासधूस केली तर कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, एक लाखापर्यंत दंड आहे. मी एकाला हटकलं तर म्हणतो, "काका, सगळ्यांनीच लिहिलंय." सगळ्यांनीच लिहिलंय म्हणे! मग सगळ्यांनाच धरा ना! एकाला तरी धरा, दंड वसूल करा आणि त्याच्याच हातात ब्रश देऊन ती भिंत घासून घ्या.