कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये धातू: आधी मोड बघा, मग भांडं

दिवाळीच्या सेलमध्ये घरोघरी नवा मायक्रोवेव्ह येतो आणि पाठोपाठ फॅमिली ग्रुपवर तो जुना संदेश हजर होतो. शब्द थोडे इकडचे तिकडे, मजकूर साधारण असा: ‘मायक्रोवेव्हमध्ये धातूचं भांडं ठेवलं की स्फोट होतो. कन्व्हेक्शन असलं तरी मायक्रोवेव्ह तो मायक्रोवेव्हच, त्यात स्टील-ॲल्युमिनियम कधीच चालत नाही. धातूवर आपटलेले किरण अन्नात साठतात. फॉइल तर अजिबात नको. ठिणगी दिसली की मशीन गेलंच समजा. फक्त मायक्रोवेव्ह-सेफ प्लास्टिक किंवा काच वापरा.’ खाली जोडलेले हात आणि ‘सर्वांना पाठवा’.

यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर तो इतका फिरतो. उरलेल्या अर्ध्याचा परिणाम असा, की काही जण जास्तीचे पैसे मोजून घेतलेलं कन्व्हेक्शन, म्हणजे गरम हवेनं भाजणारा मोड, कधी वापरतच नाहीत, आणि काही जण ‘काही होत नाही हो’ म्हणत कॉम्बीवर, म्हणजे मायक्रोबरोबर कन्व्हेक्शन किंवा ग्रिल चालवणाऱ्या मोडवर, बिनधास्त स्टीलचा डबा ढकलतात.

स्फोटापासून सुरुवात करू. मशीनचं दार उघडून आत बघा. भिंती, छत, तळ, सगळा पत्रा. दाराच्या काचेमागची बारीक भोकांची जाळीही धातूचीच. अन्न तापवणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी आत कोंडून राहतात त्या या धातूमुळेच. त्यांची लांबी सुमारे १२ सेंटीमीटर आणि जाळीचं भोक मिलिमीटरभराचं, त्यामुळे त्या बाहेर निसटू शकत नाहीत. धातू आला की स्फोट, हे खरं असतं तर मशीन दुकानातल्या डेमोलाच फुटलं असतं.

धातू लहरी परतवतो आणि तसं करताना त्याच्या पृष्ठभागावरून वीज धावते. जाड, गुळगुळीत, गोल कडांच्या भांड्यावर ती निमूट धावते. पण काट्याचं टोक, चुरगळलेल्या फॉइलची घडी, दोन धातूंमधली बारीक फट, अशा जागी ताण एकवटतो, मधल्या हवेला तो सोसत नाही आणि ठिणगी उडते. सोनेरी कडेच्या बशीवरचा थर तर इतका पातळ, की तोच जळून कड काळी पडते. मिठाईवरचा चांदीचा वर्ख याच जातीतला. काजूकतली ‘जरा मऊ करायला’ आत ठेवून बघणाऱ्यांना ही आतषबाजी ठाऊक असेल.

ठिणगी म्हणजे स्फोट नव्हे. तरी शेजारी कागद किंवा तूप असेल तर आग लागू शकते, त्यामुळे नुसत्या मायक्रो मोडवर घरातली धातूची भांडी नकोत, हे संदेशाचं म्हणणं मान्य. शिवाय स्टीलच्या डब्याच्या भिंतीतून लहरी शिरतच नाहीत. उघड्या तोंडातून जेवढ्या जातील तेवढ्याच, मग वरण वरून गरम आणि तळाशी फ्रीजमधल्यासारखं गार. खरोखर फुटतं ते निराळंच: कवचासकट अंडं, घट्ट झाकणाचा डबा. वाफेला वाट नसते म्हणून ते फुटतं, धातूचा तिथे काही संबंध नाही.

‘कन्व्हेक्शन असलं तरी मायक्रोवेव्हच’ हे मात्र साफ चूक. नुसत्या कन्व्हेक्शनवर मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भाग, बंद असतो. हीटर तापतो, पंखा ती गरम हवा आतभर फिरवतो, संपलं. त्या वेळी तुमच्यासमोर साधा ओव्हन असतो, आणि ओव्हनमध्ये लोक कायम धातूच वापरत आलेत. ॲल्युमिनियमचा टिन काचेच्या भांड्यापेक्षा लवकर तापतो, केकचा तळ आणि कडा नीट भाजल्या जातात. टिन नसेल तर कुकरच्या आतलं ॲल्युमिनियमचं भांडं घ्या, स्टीलचं घ्या. मूठ बेकलाइटची किंवा प्लास्टिकची नको, आणि ताटली फिरताना भांडं भिंतीला घासता कामा नये. टिन काचेच्या ताटलीवर थेट न ठेवता बुटक्या जाळीच्या स्टँडवर ठेवला की खालूनही हवा फिरते. नुसत्या ग्रिललाही हेच लागू, तिथेही लहरी नसतात.

आता खरी गोम, कॉम्बी. संदेशाखाली कुणीतरी हमखास लिहितं, ‘ताई, मी कन्व्हेक्शनमध्ये नेहमी टिन ठेवते, कॉम्बीत पण कन्व्हेक्शनच असतं की.’ असतं, पण एकटं नसतं. मायक्रो आणि कन्व्हेक्शन, किंवा मायक्रो आणि ग्रिल, म्हणजे मॅग्नेट्रॉन चालू. समजा केक लवकर व्हावा म्हणून १८० अंशांवर कॉम्बी लावला. आत धातूचा स्टँड, त्यावर ॲल्युमिनियमचा टिन. वापरून वापरून टिनचा तळ कधीच पूर्ण सपाट राहत नाही. तो स्टँडच्या सळ्यांना दोन-तीन ठिकाणी टेकतो आणि बाकी ठिकाणी केसभर अधांतरी राहतो. ठिणगीला नेमकी तेवढीच फट लागते. ताटली फिरते, टिन किंचित हलतो, चर्र आवाज येतो, निळसर उजेड चमकतो, आणि नंतर टिन उलटा करून पाहिला तर तळाला तिळाएवढे काळे डाग. वेळही फारसा वाचत नाही, कारण टिनच्या खालून आणि बाजूंनी लहरी आत जात नाहीत.

यावर ‘कॉम्बीत धातू कधीच नको’ असा नियम करून टाकावा, तर तोही पुरा खरा नाही. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत कॉम्बीवरही टिन चालतो असं असतं, आणि ठिणगी दिसली तर टिन आणि स्टँडच्या मध्ये उष्णता सोसणारी काचेची बशी ठेवा, असा तोडगाही दिलेला असतो. काहींत टिनला सरळ मनाई. मशीनची रचना वेगळी म्हणून उत्तर वेगळं. तेव्हा शेजारच्या काकूंच्या अनुभवावर जाऊ नका. पुस्तिका हरवली असेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर शोधा. कुठलं भांडं कुठल्या मोडला चालतं याचा तक्ता त्यात सहसा असतो आणि तो वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

कॉम्बीहून जास्त फसवा मला ऑटो कुक वाटतो. मेन्यूतला आकडा निवडला की कुठला मोड लावायचा ते मशीन स्वतः ठरवतं, आणि काही पदार्थांना त्यात मायक्रोही असतो. तुम्ही समजता बेकिंग चाललंय. त्या मेन्यूसमोर पुस्तिकेत कुठलं भांडं लिहिलंय ते बघितल्याशिवाय टिन आत घालू नका.

‘धातू वाईट, तर कंपनी धातूचा स्टँड का देते?’ हा प्रश्न रास्त आहे. तो स्टँड त्या मशीनच्या मापाचा असतो, टोकं गोलवलेली, सांधे पक्के, भिंतीपासून अंतर राखलेलं. पुस्तिकेत सांगितलेल्या मोडला तो बिनघोर वापरा, नुसत्या मायक्रोला सहसा बाहेर काढायला सांगितलेलं असतं. मुलामा उडून गंज चढला असेल तर बदला. काही मशीनबरोबर क्रिस्प प्लेट मिळते, ती तर मायक्रो चालू असतानाच वापरायची. दिसायला धातूची, पण तळाला लहरी शोषणारा फेराइटचा थर असतो आणि तो २०० अंशांच्या आसपास तापतो. बाजारातली तशीच दिसणारी काळी नॉनस्टिक थाळी तिच्या जागी चालणार नाही.

अन्नात किरण साठण्याबद्दल फार लिहायला नको. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसंच हे. दार उघडलं की मॅग्नेट्रॉन बंद आणि लहरी तत्क्षणी संपल्या. या २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी पदार्थ तापवतात, त्याला किरणोत्सर्गी करत नाहीत.

फॉइलचंही मोडवरच ठरतं. कन्व्हेक्शनला खुशाल वापरा, फक्त हवेची भोकं झाकू नका. मायक्रोला पुस्तिकेत परवानगी असेल तरच, तीही चिकनच्या टांगेचं टोक करपू नये म्हणून लावलेल्या छोट्या तुकड्यापुरती. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सूचना अशाच आहेत: फॉइल नवं आणि गुळगुळीत असावं, पदार्थाचा फार तर पाव भाग झाकावा, भिंतीपासून इंचभर तरी दूर राहावं. वापरून चुरगळलेलं फॉइल नकोच.

‘ठिणगी दिसली की मशीन गेलं’ हेही खरं नाही. आधी बंद करा, मग कारण शोधा. आत धातू नसताना ठिणग्या उडत असतील तर बाजूच्या भिंतीवरचा मायका शीट बघा, पुठ्ठ्यासारखा दिसणारा करडा-तपकिरी तुकडा. त्याच्यामागून लहरी आत येतात. फोडणीचं तेल, वरणाचे शिंतोडे त्यावर उडतात, पुसले नाहीत तर जळून कोळसा होतो, आणि त्या काळ्या ठिपक्यापाशीच तडतड सुरू होते. बिचाऱ्या काचेच्या बाऊलवर आळ येतो. शीट स्वस्तात बदलून मिळतो, पण तोवर मशीन चालवू नका.

संदेशातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य शेवटचं आहे, मायक्रोवेव्ह-सेफ प्लास्टिकचं. ती खूण मायक्रोपुरती, कन्व्हेक्शनच्या १८०-२०० अंशांसाठी नव्हे. असले बरेच डबे पॉलिप्रॉपिलीनचे, आणि ते १६० अंशांच्या आसपास वितळतं. घडतं ते असं: दुपारी भाजी गरम केली, वरचं प्लास्टिकचं झाकण आतच राहिलं, संध्याकाळी कुणीतरी न बघता केकसाठी प्रीहीट लावला. वास आल्यावर बंद करा, पण लगेच पुसायला जाऊ नका, ते पसरतं. पूर्ण गार झालं की लाकडी उलथन्यानं खरवडून निघतं. काचेबाबत संदेशाशी भांडण नाही, फक्त ती बोरोसिलिकेटची, म्हणजे ओव्हनची उष्णता सोसणारी, असावी आणि २०० अंशांवरून काढल्यावर ओल्या ओट्यावर न टेकवता कोरड्या फडक्यावर ठेवावी.