लडाखचे ‘चमत्कार’ आणि कापराची पुरचुंडी

मे उजाडला की नाशिकच्या बायकर ग्रुपांवर आणि रोज सकाळी पांडवलेणी चढणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॲपवर लडाखचा एक मजकूर हमखास फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: खारदुंग ला (‘ला’ म्हणजे खिंड) हा जगातला सर्वांत उंच गाडीरस्ता. मॅग्नेटिक हिल गाड्या वर ओढते. तिकडे पाऊस नसतोच. आणि कळसूबाई चढणाऱ्याला लेहमध्ये आराम करायची गरज नाही, कापूर-लवंग-ओव्याची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो. पहिल्या दोन थापांनी कुणाचं काही बिघडत नाही. बाकीच्या जिवावर बेतू शकतात.

खारदुंग ला आधी उरकून टाकू. खिंडीतल्या पाटीवर वर्षानुवर्षं 18,380 फूट असं लिहिलेलं. जीपीएसने मोजलं की भरतात साधारण 17,580. लडाखमधल्याच उमलिंग लाच्या 19,024 फुटांवरच्या रस्त्याची 2021 मध्ये गिनीजमध्ये नोंद झाली, आणि 2025 मध्ये त्याहून उंच मिग लापर्यंत रस्ता पोचला. पाटीपाशी फोटो मात्र जरूर काढा, सगळेच काढतात.

मॅग्नेटिक हिल लेहहून कारगिलकडे जाताना लागते, साधारण 30 किलोमीटरवर. न्यूट्रलमधली गाडी चढावर सरकते म्हणतात. सरकते हे खरं, चढ खोटा. भोवतालच्या डोंगरांच्या कलामुळे खरं क्षितिज डोळ्याला सापडत नाही आणि हलका उतार चढासारखा दिसतो. बाटलीतलं पाणी रस्त्यावर ओतून बघा, तेही गाडीच्याच दिशेने ‘वर’ जाईल. आता पाण्याला कुठलं चुंबक ओढणार? तरी शंका असेल तर गवंड्याची पाणसळ रस्त्यावर ठेवा, बुडबुडा खरं काय ते सांगेल.

पावसाचं अर्धसत्य आहे. लेहला वर्षभरात जेमतेम 100 मिलिमीटर पडतो, इगतपुरीत जुलैमध्ये तेवढा एका दिवसातही होतो. पण 2010 च्या ऑगस्टमध्ये लेहमध्ये रात्री ढगफुटी झाली, उघड्याबोडक्या डोंगरांवरून चिखल-दगडांचे लोंढे आले आणि मातीविटांची घरं माणसांसकट गाडली गेली. कोरड्या नाल्याच्या पात्रात तंबू ठोकू नका, एवढंच.

आता कळसूबाई. तिची उंची 1,646 मीटर. एक कळसूबाई दुसरीवर ठेवली तरी 3,500 मीटरवरचं लेह वरच राहतं. हवेतला ऑक्सिजन तिथेही 21 टक्केच असतो, घटतो तो हवेचा दाब. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश, खारदुंग लावर जवळपास निम्मा. म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी. मांड्यांत किती जोर आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. उलट दमदार पोरंच विमानातून उतरल्या दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या धावत चढतात आणि रात्री डोकं धरून ओकत बसतात. कापराने नाकात गार वाटतं, नाक मोकळं झाल्यासारखं होतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. खरा धोका असा की त्या गारव्याने बरं वाटतंय समजून माणूस आणखी वर जातो. बसल्याजागी धाप लागली, सरळ रेषेत चालता येईना, तर पुरचुंडी ठेवा, खाली उतरा आणि डॉक्टर गाठा, सकाळची वाट न बघता. लेहमध्ये पहिले दोन दिवस काहीही न करणं हाच मुख्य कार्यक्रम. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, घ्यायची तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगून.

मजकुरातलं शेवटचं वाक्य: ‘बाईकने गेलात तर शरीराला आपोआप सवय होते.’ कुठल्या रस्त्याने, हे कोण सांगणार? मनालीकडून गेलात तर 2,050 मीटरवरून निघून पुष्कळजण सरचूला, 4,290 मीटरवर, मुक्काम ठोकतात. म्हणजे लेहच्याही वर पहिली झोप! श्रीनगरकडून गेलात तर मधे 2,700 मीटरच्या आसपास कारगिल मिळतं. जाताना श्रीनगर, येताना मनाली असा बेत आखा.