नकाशा हिरवा ठेवा, बाकीचं आपोआप होतं

मोबाइल नेटवर्कच्या प्लॅनिंगमध्ये नवीन लागला असाल तर आधी अभिनंदन, आता आयुष्यभर सोसायटीतली माणसं तुम्हाला लिफ्टमध्ये गाठून 'आमच्या बेडरूममध्ये रेंज का नाही हो' विचारणार आणि तुम्ही 'वर सांगतो' म्हणणार, वर म्हणजे कुठे ते कुणालाच माहीत नाही. पहिल्याच दिवशी कंपनीकडून प्लॅनिंगच्या प्लॅटफॉर्मची (टॉवरची माहिती भरली की कुठे रेंज येईल ते नकाशावर हिरवं करून दाखवणारं सॉफ्टवेअर) 'जबाबदार वापराची नियमावली' येईल. ती वाचू नका, सरळ खाली जा, 'मान्य आहे'वर टिक करा आणि चहाला चला. ती वाचून कुणी जबाबदार झालेलं मी बाणेरच्या आमच्या ऑफिसात एवढ्या वर्षांत बघितलेलं नाही. खरे नियम टपरीवर कळतात, ते इथे फुकट देतोय.

स्वतःचा लॉगिन मागायचा नाही. लायसन महाग असतं आणि मागितलं की मॅनेजरचा चेहरा असा होतो की आपण त्याच्या डब्यातली पोळी मागितली. आमच्याकडे एका लॉगिनवर सात जण काम करतात आणि तो ज्याच्या नावावर आहे तो पोरगा दोन वर्षांपूर्वी दिवाळीचा बोनस घेऊन दुसरीकडे गेला. पासवर्ड मॉनिटरवर पिवळ्या चिठ्ठीत आहे, साफसफाईच्या मावशींनासुद्धा पाठ असेल. ह्यात सोय अशी की सिस्टिममध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहते, कुठल्या अँटेनाचा टिल्ट, म्हणजे खाली वाकवलेला कोन, कुणी किती वाजता हलवला सगळं, आणि ते सगळं त्याच्या खात्यावर जातं. रात्री दोनला कात्रजच्या टॉवरचे तीन सेक्टर (तीन दिशांच्या अँटेना) कुणी वाकवले? त्यानं. माणूस गेला पण कामाला वाघ आहे.

आता साइटची, म्हणजे टॉवरच्या जागेची, माहिती भरणं. पुण्याचा अक्षांश साधारण १८.५२, रेखांश ७३.८५, आणि एक्सेलमध्ये हे दोन कॉलम शेजारी शेजारी असतात, तेव्हा कुठला आधी ते डोळे मिटून ठरवा. आमच्या एकानं पेठांमधल्या चाळीस साइट अशाच उलट्या पेस्ट केल्या. आकडे उलटे झाले की पुणं जाऊन पडतं पार उत्तरेकडच्या समुद्रात, नॉर्वेचं बेअर आयलंड म्हणून एक बेट आहे त्याच्या दक्षिणेला साठ-पासष्ट किलोमीटरवर. टूलनं हूं की चूं केलं नाही. चाळीस साइट होत्या, चाळीस भरल्या, रिपोर्ट वेळेत गेला, शाबासकीपण आली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं की नकाशात शनिवार पेठ पांढरी का आहे, तर हा म्हणतो 'तिथे वाडे फार आहेत ना सर'. (चाळीसच्या चाळीस टॉवर समुद्रात उभे आणि हा वाड्यांना नावं ठेवतोय.)

उंचीचंही तसंच. अँटेनाची उंची जमिनीपासून भरायची असते, समजा ३० मीटर, पण पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे तेव्हा तुम्ही प्रामाणिकपणे बेरीज करून ५९० टाका. बघा मग कसा हिरवागार होतो नकाशा, पार घाटापर्यंत. प्लॅटफॉर्म तुम्हाला अडवत नाही, तो सुसंस्कारी आहे, मोठ्यांना उलट बोलत नाही.

मॉडेल (टॉवरपासून सिग्नल कुठवर पोचेल त्याचा अंदाज बांधणारं गणित) निवडताना फार डोकं चालवू नका. सिग्नल अंतरानं किती पडतो ह्याची मोजमापं ओकुमुरा नावाच्या जपानी इंजिनिअरनं टोकियोच्या परिसरात केली, ती १९६८ मध्ये छापली, मग १९८० मध्ये हाता नावाच्या दुसऱ्या इंजिनिअरनं त्याची सूत्रं बांधली. हाताचं सूत्र हाताशी असताना आपण उन्हात कशाला हिंडायचं! आता ते सूत्र १५० ते १५०० मेगाहर्ट्झपुरतं आहे आणि आपला फाइव्ह-जी बराचसा ३५०० च्या आसपास चालतो, पण एवढं कोण बघतं. खरं तर गाडीत फोन, लॅपटॉप आणि जीपीएस घालून गल्लीगल्लीत ड्राइव्ह टेस्ट करायची आणि त्या मोजमापांवर मॉडेल आपल्या गावाला बसवून घ्यायचं असा शास्त्रार्थ आहे. पण लक्ष्मी रोडला संध्याकाळी ड्राइव्ह टेस्ट म्हणजे एकाच जागेची चाळीस मिनिटं मोजणी होते. त्यापेक्षा टोकियो बरं. तसंही बाकी सगळं सारखं धरलं तर ७०० मेगाहर्ट्झपेक्षा ३५०० मध्ये नुसत्या मोकळ्या हवेतच १४ डेसिबल जास्त घटतात, म्हणजे पोचणारी ताकद पंचविसावा हिस्सा, आणि मग भिंती सुरू होतात, तर एवढं वाईट चित्र बघून सकाळ कशाला खराब करायची.

जमिनीच्या उंचसखलपणाचा डेटा फुकटवाला घ्या. त्यातला बराचसा फेब्रुवारी २००० मध्ये एका स्पेस शटलनं ११ दिवसांत रडारनं घेतलाय. डोंगरांसाठी उत्तम आहे, वेताळ टेकडी आणि तळजाई तेव्हापासून कुठे गेलेल्या नाहीत (प्रयत्न चालू असतात, तो विषय वेगळा). पण त्यात आजचं वाकड नाही, आजचं पुनावळे नाही. इमारतींचा नवा डेटा विकत घ्यावा लागतो आणि तो मागितला की पुन्हा तो डब्यातल्या पोळीवाला चेहरा. तेव्हा बावीस मजली टॉवरांच्या जागी मोकळं रान धरा, सिग्नल बिचारा वाऱ्यासारखा धावतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, रंग. सिग्नलची ताकद डीबीएम ह्या एककात मोजतात, आकडे उणे असतात, उणे ८५ म्हणजे छान, उणे ११५ म्हणजे फोन खिडकीत धरून 'हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का' करायची वेळ. पण हिरवा रंग कितीपासून सुरू करायचा हे प्लॅटफॉर्म ठरवत नाही, तुम्ही ठरवता, एक छोटी चौकट असते तिच्यात आकडा बदलायचा. नवीन टॉवर लावायचा म्हणजे जागा, भाडं, परवानगी, वीज आणि फायबर आलं, महिने जातात. चौकटीतला आकडा उणे ९५ चा उणे ११५ करायला चार सेकंद. मी स्वतः एका शुक्रवारी संध्याकाळी अख्खं धायरी असं कव्हर केलंय, एक रुपया खर्च न करता. बाहेरचा सिग्नल की घरातला हे नकाशावर लिहायचं नाही. हिशोब रस्त्यावर दीड मीटर उंचीवर फोन धरून उभ्या माणसाचा असतो, आता लोकच घरात जाऊन बसतात तर त्याला आपण काय करणार. भिंतीत सहज १५-२० डेसिबल जातात, आयटी पार्कच्या चकचकीत काचांना धातूचा मुलामा असतो त्यात आणखी जास्त, म्हणून तर नेटवर्कवर पोट असलेली माणसं दिवसभर वायफायवर जगतात.

गर्दीचा विचार करू नका. कव्हरेज (सिग्नल कुठवर पोचतो) वेगळं आणि कपॅसिटी (एकावेळी किती जणांना पुरतो) वेगळी हे फक्त इंटरव्ह्यूला सांगायचं असतं. विसर्जनाला अलका चौकात फोनवर पाचही कांड्या दिसतात आणि फोटो काही जात नाही, कारण एका सेलमध्ये, म्हणजे एका अँटेनाच्या हद्दीत, हजारो लोक एकाच वेळी ढोलाचा व्हिडिओ लाइव्ह करतायत. तारीख वर्षभर आधी कॅलेंडरवर छापलेली असते, मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते हेही सगळ्या पुण्याला ठाऊक, तरी दरवर्षी आदल्या आठवड्यात 'अचानक ट्रॅफिक वाढण्याची शक्यता' असा मेल आलाच पाहिजे. चाकांवरचा टॉवर मागवायचा असतो तो तेव्हा मागवा. गाडी पोचेपर्यंत रस्ते बंद झालेले असतात, ते चालतं.

सोसायटीच्या मीटिंगला जावं लागलंच तर तोंड बंद ठेवा. आमच्या काकू एकाच श्वासात 'टॉवर आमच्या गच्चीवर नको, रेडिएशन असतं' आणि 'रेंज नाही, काहीतरी करा' म्हणतात. सरकारनं सप्टेंबर २०१२ मध्ये टॉवरच्या किरणांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिस्श्यावर आणली होती, आणि टॉवर लांब असला की उलट तुमच्या कानाला लावलेला फोनच जास्त ताकदीनं ओरडतो, हे मी एकदा समजावून सांगायला गेलो. काकू म्हणाल्या, 'तू त्यांचाच माणूस, तू असंच बोलणार.' पार्किंगचा विषय निघाला म्हणून वाचलो.

एक नियम मात्र मस्करीत सांगवत नाही. हल्ली प्लॅटफॉर्मवर ग्राहकांच्या फोनचा ठावठिकाणाही दिसतो, कुठल्या भागात कॉल तुटतात ते कळावं म्हणून. नियमावली म्हणते कामाशिवाय बघू नका, २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदाही आहे. आणि मी एका हुशार पोराला, साखरपुड्याच्या आठवड्यात, एकच नंबर पुन्हा पुन्हा शोधताना बघितलाय. विचारलं तर म्हणे 'कव्हरेज चेक करतोय सर'. त्याचीही नोंद झाली असणार, अर्थात त्या दिवाळीत गेलेल्याच्याच नावावर.

तर हा गेलेला. मागच्या महिन्यात अप्रेझलसाठी मॅनेजरनं प्लॅटफॉर्मवरून रिपोर्ट काढला, सगळ्यात जास्त काम कुणाचं, आणि पहिला नंबर अर्थातच ह्याचा, रोज सोळा-सोळा तास, रविवारीसुद्धा. मॅनेजर नवीन. म्हणाला असा माणूस आपण सोडला कसा, लावा त्याला फोन, पगार वाढवून परत बोलवू. मी लावला. 'आपण ज्या ग्राहकाशी संपर्क करू इच्छिता ते सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत.' राहतो बावधनला. मी उठून नकाशा बघून आलो, गडद हिरवा आहे.