चिऱ्यावर टेकवलेली गाडी

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यात पेडण्यातल्या आमच्या वाड्यावर घरोघरी गाड्या उचलून पाहण्याची घाई सुरू होते. पावसात ब्रेक वाजू लागलेले असतात, सायलेन्सरची पट्टी सुटलेली असते, गॅरेजात आठवडाभर नंबर लागत नाही आणि पाहुण्यांना आणायला म्हापशाला जायचे असते. अशा वेळी घरचाच कोणीतरी तरुण गाडीसोबत आलेला जॅक काढतो, गाडी उचलतो आणि कुंपणाजवळ रचून ठेवलेल्या चिऱ्यांपैकी, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांपैकी, दोन चिरे आणून तिच्याखाली सरकवतो. माझे म्हणणे मुख्यतः या चिऱ्यांविषयी आहे आणि ते मी पूर्ण गांभीर्याने मांडत आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने आमच्याच अंगणात हेच केले. पुढचे ब्रेक पॅड बदलायचे होते आणि जॅक एकच होता. त्याने डावी बाजू उचलली, चाक काढले, दाराखाली एकावर एक दोन चिरे ठेवले, गाडी त्यांवर टेकवली आणि तोच जॅक उजव्या बाजूला नेला. उजवी बाजू वर जाऊ लागताच भार डावीकडे कलला, वरचा चिरा मधोमध दुभंगला आणि गाडी खाली आली. काढलेले चाक त्याने सहज म्हणून दाराखाली आडवे सरकवून ठेवले होते. गाडी त्यावर पडली आणि तिथेच थांबली. ब्रेकजवळ बसलेल्या त्याच्या मित्राचा हात त्या क्षणी बाहेर होता. मी व्हरांड्यात उभा राहून हे पाहिले आणि चिरे लावताना मी त्याला अडवले नव्हते, याची बोच मला आजही आहे.

चिरा आपल्या घरांच्या भिंती शंभर वर्षे पेलतो, मग गाडी का पेलणार नाही, असे त्या दिवशी मला दोघांनी विचारले. भिंतीत चिऱ्याच्या पूर्ण पृष्ठभागावर भार समान पसरलेला असतो, वरखाली चुना किंवा सिमेंट असते आणि भार सरळ खाली जातो. गाडीच्या दाराखालून जाणारी पत्र्याची उभी कड मात्र बोटापेक्षाही अरुंद असते. हजार किलोच्या लहान गाडीचा पुढचा भाग इंजिनामुळे जड असतो. साधारण सहाशे किलो वजन पुढच्या दोन चाकांवर येते, म्हणजे एका कोपऱ्यावर तीनशे किलो. एवढे वजन त्या पातळ कडेने चिऱ्यावर पडले की ती कड पाचरीसारखे काम करते. चिरा मुळात सच्छिद्र असतो, आत मऊ मातीचे कण असतात, पावसात तो पाणी पितो आणि आणखी कमजोर होतो. लोखंड वाकताना दिसते. चिरा काही सांगत नाही, तो एकदम फुटतो. सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांनाही हेच लागू आहे.

गाडीसोबत येणारा जॅक हा रस्त्यात पंक्चर झाल्यावर स्टेपनी बदलण्यापुरता दिलेला असतो. त्याची बैठक अरुंद असते, बाजूने थोडाही धक्का बसला तरी तो कलंडतो आणि त्याच्या भरवशावर गाडीखाली अंगाचा कोणताही भाग नेऊ नये, असे गाडीच्या पुस्तिकेतच छापलेले असते. चाकांचा हायड्रॉलिक जॅक, ज्याला आपण ट्रॉली जॅक म्हणतो, तो कितीतरी चांगला. पण तोही तेलाच्या दाबावर उभा असतो. आतले एखादे रबरी सील गळले किंवा झडप नीट बसली नाही, तर तो हळूहळू किंवा अचानक खाली येतो. जॅकने गाडी उचलायची आणि ती तोलून धरण्याचे काम पोलादी स्टँडकडे द्यायचे. गॅरेजात ज्याला घोडी म्हणतात, तीच ही वस्तू. अशा दोन स्टँडची जोडी एका नव्या टायरपेक्षा स्वस्त मिळते. हार्डवेअरच्या दुकानात ट्रॉली जॅक विकताना दुकानदाराने स्टँडची जोडी पुढे केलीच पाहिजे आणि गिऱ्हाइकाने ती मागितलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

गाडी बुटकी असली की अडचण वाढते. साध्या ट्रॉली जॅकची सर्वांत खालची उंची तेरा-चौदा सेंटीमीटर असते, त्यामुळे स्प्रिंगा कापून किंवा बदलून खाली बसवलेल्या गाडीखाली तो शिरतच नाही. शिरलाच तर त्याचा दांडा पुढच्या बंपरला अडतो आणि दाबायला जागा उरत नाही. मग माणसे जॅक तिरका घालतात, बंपरच्या काठावर लावतात किंवा इंजिनच्या ऑईल चेंबरखाली लावतात. ऑईल चेंबरचा पत्रा किंवा ॲल्युमिनियम हा भार घेण्यासाठी केलेलाच नसतो. यावर दोन चांगले उपाय आहेत. आठ-नऊ सेंटीमीटरपर्यंत खाली बसणारा बुटका ट्रॉली जॅक मिळतो. अशी गाडी कायमची दारात असेल तर तो घ्यावाच. दुसरा उपाय म्हणजे आधी पुढची दोन्ही चाके जाड फळ्यांवर चढवणे. आमच्याकडे जुन्या घराचे छप्पर उतरवले तेव्हाच्या लाकडाच्या पाच सेंटीमीटर जाडीच्या दोन फळ्या मी यासाठी ठेवल्या आहेत. त्या टायरपेक्षा बऱ्याच रुंद आहेत आणि चढण्याच्या बाजूला तिरक्या तासलेल्या आहेत. गाडी हळूच त्यांवर नेली की जॅकला तेवढीच पाच सेंटीमीटर जागा मिळते आणि तेवढी पुरते.

जॅक कुठे लावायचा, याचे उत्तर प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत असते आणि ते अंदाजाने ठरवू नये. बहुतेक गाड्यांत दाराखालच्या कडेवर पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे दोन-दोन खाचा दिसतात. त्या दोन खाचांमधला भाग मजबूत केलेला असतो. तिथे खोबण असलेला रबरी ठोकळा मध्ये घातला तर कड वाकत नाही. पुढे इंजिनखाली जाड आडवी चौकट असते, ती परवानगी असेल तर मधोमध जॅकसाठी वापरता येते आणि मग डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंच्या खाचांमधल्या भागाखाली एकदम दोन स्टँड बसवता येतात. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत तळाशी बॅटरी असते. तिथे ठरवून दिलेल्या जागांखेरीज कोठेही जॅक टेकवता कामा नये.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट बघावी लागते आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मांद्रे, मोरजी, हरमलपासून काणकोणपर्यंत किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांच्या गाड्या खारट हवेत उभ्या असतात आणि चार महिने पावसाचे पाणी खातात. दाराखालच्या पोकळ पत्र्यात पाणी निघून जाण्यासाठी लहान भोके असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साचते आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंग चकचकीत दिसतो. म्हणून जॅक लावण्याआधी मी ती जागा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहतो. टणक आवाज आला तर ठीक. बोदा आवाज आला, खपल्या पडल्या किंवा पत्रा दबला, तर तिथे गाडी उचलायचीच नाही. माझ्या एका नातेवाइकाच्या किनाऱ्यावरच्या गाडीत जॅकचे डोके सरळ पत्र्यात घुसले होते.

अंगण सपाट हवे. आपली बरीच घरे डोंगराच्या उतरणीला आहेत आणि गेटपासून पडवीपर्यंतची वाट हमखास उताराची असते. तिथे हे काम करू नये, शेजाऱ्याचे सपाट अंगण मागून घ्यावे. ओल्या मातीत स्टँडचे पाय रुततात, दुपारच्या उन्हात डांबरही मऊ पडते, पेव्हर ब्लॉकच्या फटीत ट्रॉली जॅकची चाके अडकतात. ही चाके फिरणे का आवश्यक आहे, ते लक्षात घ्यावे: जॅकचे डोके सरळ वर जात नाही, ते कमानीत वर जाते, त्यामुळे गाडी चढताना जॅकला थोडे सरकावे लागते. तो सरकू शकला नाही तर त्याचे डोकेच गाडीखालून सरकते. मी जॅक आणि स्टँड या दोन्हींखाली अठरा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचे सपाट तुकडे घालतो.

हँडब्रेकवर लोक फार विसंबतात. बहुतेक गाड्यांत तो फक्त मागची चाके धरतो. मागचा भाग उचलला की तो निरुपयोगी. लहान गाड्यांत इंजिनाची शक्ती बहुधा पुढच्या चाकांना जाते, म्हणून गिअर टाकल्यास पुढची चाके धरली जातात. पण पुढचे एकच चाक उचलले तर डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीमुळे, हवेतले चाक मोकळे फिरते आणि जमिनीवरच्या चाकाची पकडही सुटते. त्यामुळे जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून, लाकडी पाचरी लावल्याशिवाय जॅकच्या दांड्याला हात लावू नये. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत आणि शेवटचे घट्टही जमिनीवरच करावेत.

स्टँड घेताना त्यावरची क्षमता एका स्टँडची आहे की जोडीची, ते वाचावे. पुष्कळदा ती जोडीची असते. खटक्याचा, म्हणजे दात्यांच्या खांबात खटका अडकून उंची धरणारा, स्टँड असेल तर खटका दात्यात पूर्ण बसला आहे का, ते डोळ्यांनी पाहावे आणि हाताने हलवून पाहावे. २०२० मध्ये अमेरिकेत एका मोठ्या विक्रेत्याला ३ आणि ६ टनांचे लाखो स्टँड परत मागवावे लागले होते, कारण भार सरकला की खटका दात्यातून निसटू शकत होता. आरपार पिन घालायचे स्टँड मला म्हणून अधिक विश्वासाचे वाटतात. दोन्ही स्टँड एकाच उंचीवर लावावेत. एकेका बाजूने उचलत असाल तर पहिल्या बाजूचा स्टँड अगदी कमी उंचीवर ठेवावा आणि दुसरी उचलताना पहिला स्टँड कलत तर नाही ना, याकडे कोणाला तरी पाहायला सांगावे. आमच्या अंगणात नेमके तेच कोणी पाहत नव्हते.

गाडी स्टँडवर हळूच उतरवली की मी चाकाच्या कमानीजवळ दोन्ही हातांनी तिला जोराने ढकलतो. पडायचीच असेल तर ती तेव्हा पडावी, खाली कोणी नसताना. त्यानंतर जॅक काढून न घेता जागेवर टेकलेला राहू देतो आणि काढलेले चाक दाराखाली आडवे घालतो. या तिसऱ्या आधाराला पैसे लागत नाहीत आणि आमच्या अंगणात पडलेली गाडी त्यानेच अडवली. गंजलेला बोल्ट सुटत नसेल तर पान्याला लांब पाईप लावून आडवा हिसका देण्याचा मोह होतो. उचललेल्या गाडीखाली तो आवरावा आणि ते काम गॅरेजच्या लिफ्टवर न्यावे. एकट्याने तर कधीच करू नये. छातीवर भार आला की माणसाला ओरडताही येत नाही, श्वासच घेता येत नाही. घरातल्यांना दहा फुटांवर काही कळत नाही. कोणीतरी नजरेच्या टप्प्यात असावे आणि त्याला १०८ हा क्रमांक ठाऊक असावा.

उतरवताना आधी हत्यारे, मग मुले, मग गाडीखाली सावलीला येऊन झोपणारी मांजरे आणि कुत्री बाहेर आहेत ना, हे वाकून पाहावे आणि जॅकची झडप थोडी-थोडी फिरवावी. माझे दोन स्टँड, प्लायवुड आणि फळ्या व्हरांड्यात बाकाखाली असतात. वाड्यावरच्या कोणालाही हवे असतील तर न विचारता न्यावेत. फक्त जाताना मला हाक मारावी, म्हणजे पहिल्या उचलीला मीही शेजारी उभा राहीन.